इंजनाच्या पायातला हार

गोरक्षनाथला पाण्याची भीती वाटायची आणि पाटबंधारे खात्याने त्याला होडी चालवायला ठेवलं होतं. यात खात्याची चूक म्हणावी तर तसंही नाही. त्यांना इंजन कळणारा माणूस पाहिजे होता, आणि गोरक्षनाथला इंजन कळत होतं. मिरजगावच्या शिवारात विहिरीवरची डिझेल इंजनं खोलून जोडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. नोकरीच्या वेळी साहेबाने विचारलं, "पोहता येतं ना?" हा म्हणाला, "व्हय साहेब." पोहायला शिकायचं तर आधी पोहण्याएवढं पाणी लागतं, आणि दुष्काळी मिरजगावकडे ते कुठून येणार, हे काही साहेबाच्या डोक्यात आलं नाही. गोरक्षनाथनेही ते ध्यानात आणून दिलं नाही.

तर असा हा गडी एकाहत्तर साली भंडारदऱ्याच्या जलाशयावर रतनवाडीपासून शेंडीपर्यंत माणसं ने-आण करत होता. शेंडीचा धक्का धरणाच्या अंगाला, रतनवाडी पार डोंगराच्या कुशीत, आणि मधे सगळं पाणीच पाणी. ते काळं, गार पाणी त्याला बघवायचं नाही. म्हणून तो बघायचाच नाही. होडीच्या शेपटाला इंजन टांगलेलं, त्याचा दांडा हातात धरून तो मागे बसायचा आणि नजर त्या इंजनावर ठेवायचा. लोकांना वाटायचं, केवढा कामाचा माणूस, डोळ्याची पापणी हलवत नाही!

इंजन बसवायला नागापूरच्या एका वर्कशॉपमधून भाऊसाहेब नावाचा मेकॅनिक आला होता. बोलका माणूस. त्याने गोरक्षनाथला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं होतं.

"हे बग गोरक्ष, ह्याला रेडिएटर न्हाई. खाली पात्याच्या वर ही जाळी हाय न्हवं, तिच्यातनं तळ्याचंच पानी वढून घेतं, अंगातनं फिरवतं आन मागल्या भोकातनं बारीक धार सोडतं. धार दिसतीय तवर इंजन खुशाल. धार तुटली की त्येला ताप चढला म्हनून समज."

"आन माझं ध्यान नसलं तर?"

"त्याचीबी सोय केलीय." भाऊसाहेबाने झाकण उघडून इंजनाच्या डोक्यावर बसवलेलं एक पितळी बटण दाखवलं. बाटलीच्या बुचाएवढं असेल. "ह्याच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी हाय. तापली की वाकती, वाकली की टेकती, आन टेकली की ब्याटरीवरचा ह्यो भोंगा बोंबलतो. भोंगा वाजला की इंजन बंद करायचं. इचारच करायचा न्हाई. आतलं गार झालं की पट्टी सरळ हुती आन भोंगा आपसूक गप बसतो. मग खुशाल चालू कर."

गोरक्षनाथचा त्या बटणावर फार जीव जडला. आपल्याला पाण्याचं काही कळत नाही, पण आपल्या वतीने कुणीतरी सारखं इंजनाच्या कपाळावर हात ठेवून बसलंय, याचा त्याला मोठा धीर वाटायचा. रोज होडीत पाय ठेवला की आधी तो भोंग्याची तार चाचपून बघायचा, मगच इंजन चालू करायची दोरी ओढायचा.

खंडेनवमीला त्याने इंजन धुऊन-पुसून लख्ख केलं. मिरजगावला डिझेल इंजनाची पूजा व्हायची तेव्हा हार चाकावर घालायचे. इथे चाक झाकणाखाली, आणि झाकण इतकं गुळगुळीत की हार घसरून पडायचा. गोरक्षनाथने होडी काठाला ओढून इंजन वर उचललं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि नमस्कार करायचा तर पायांनाच, म्हणून हार त्याच्या पायात बांधला. पाय म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा दांडा, ज्याला पातं असतं आणि जाळीही असते. सुताचा दोरा पाण्यात कुजेल म्हणून त्याने झेंडू मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवले होते. जाळीच्या चांगला वीतभर वर, करकचून, दोन गाठी मारून बांधला. इंजनातला जाणकार माणूस, पण पूजेच्या वेळी जाणकारी कोण बरोबर घेऊन बसतो? दुसऱ्या दिवशी दसरा. होडी सोडताना हार काढावा असं एकदा त्याच्या मनात आलं. पण सणाच्या दिवशी पूजेतला हार ओरबाडून काढायला त्याचा हात धजेना. इंजन हारासकट पाण्यात उतरलं.

त्या दिवशी त्याची बायको कलाबाईही होडीत होती. पोळ्यानंतर ती मिरजगावहून शेंडीला राहायला आली होती आणि अजून एकदाही होडीत बसली नव्हती. रतनवाडीचं देऊळ बघायचं होतं, पण पाण्यावरून जायला ती तयार नव्हती.

"तुमाला तरी कुटं पवता येतं?" ती म्हणाली.

"अगं हळू बोल!" गोरक्षनाथने इकडेतिकडे बघितलं आणि तो हसला. "मी हाय न्हवं? रोज जातोय. भ्यायचं काय त्यात?"

त्याच्या शब्दावर ती बसली. जाताना सगळं ठीक झालं. देवदर्शन झालं, आपट्याची पानं घेतली, आणि दुपार कलल्यावर परतीची होडी भरली. दसऱ्यासाठी शेंडीला निघालेली माणसं होती. तांदळाचं पोतं घेऊन छगन होता, त्या भागात सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. लेकीकडे निघालेली म्हातारी बनुबाई होती, मांडीवर विळा आणि भाजीची पाटी. दोन लेकुरवाळ्या बाया होत्या. आणखी चारदोन जण दाटीवाटीने बसले. कलाबाई पुढच्या टोकाला, नवऱ्याकडे तोंड करून बसली.

परतीच्या पावसाने धरण काठोकाठ भरलं होतं. सांडव्याची दारं उघडी होती आणि पाणी खालच्या दरीत कोसळत होतं. धक्का आणि सांडवा एकाच अंगाला, मधे फार अंतर नाही. एरवी गोरक्षनाथ लांबून वळण घेऊन, सांडव्याकडे पाठ न करता, धक्क्याला लागायचा. आज तो सरळ निघाला होता आणि वाराही पश्चिमेचा होता, मागून ढकलणारा. धरणाची भिंत दिसायला लागली तशी सांडव्याची घरघर कानावर आली. त्याने सवयीने मागे वळून धारेकडे बघितलं.

धार दोऱ्यासारखी बारीक झाली होती. बघता बघता तिचे थेंब झाले. मग थेंबही थांबले.

हार! त्याला क्षणात कळलं. गाठ सुटली असणार, किंवा सरकली असणार. पाण्याने भिजलेला झेंडू जाळीवर बसला होता. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

काय आवाज होता तो! रोज तार चाचपताना गोरक्षनाथने कधी त्याचा खरा आवाज ऐकला नव्हता. कुणाच्या तरी नरड्यावर पाय दिल्यासारखा तो एकसारखा किंचाळायला लागला. दोन्ही पोरं रडायला लागली. एक बाई पोराला छातीशी धरून उभीच राहिली आणि होडी एका अंगाला कलली. पाणी आत आलं.

"काय झालं रं ड्रायव्हर?" छगन ओरडला आणि तोही उठला.

इंजन बंद करायचं, विचारच करायचा नाही, असं भाऊसाहेब म्हणाला होता. पण नागापुरात बसून म्हणणं वेगळं. इथे इंजन बंद केलं तर होडी सांडव्याकडे ओढली जाणार. नाही केलं तर ही माणसं उभी राहून होडी पालथी घालणार. आणि होडी पालथी झाली तर सगळ्यांत आधी बुडणारा माणूस कोण, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या हाताने त्याला न विचारताच झाकणाखाली जाऊन भोंग्याची तार ओढून काढली.

एकदम सगळं शांत झालं. इंजनाची नेहमीची फटफट तेवढी राहिली.

"काय न्हाई, काय न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला, आणि हसला. "वायर ढिली झाल्ती. बसा खाली, बसा."

माणसं हसत बसली. बनुबाईने छातीवर हात ठेवला. "मेल्याने काळजाचं पानी केलं की रं!" छगनने त्या भोंग्याच्या आईबापाचा उद्धार केला. पोरंही गप झाली. सगळे निवांत झाले, एकटा गोरक्षनाथ सोडून.

कारण आता ताप कुणी बघत नव्हतं. पितळी बटणात पट्टी वाकून टेकलेली असणार, आपलं काम इमानाने करत असणार, पण तिचं ऐकायला कुणी ठेवलं नव्हतं. भोंगा वाजत होता तेव्हा निदान भीती होडीभर वाटली गेली होती. आता ती सगळी एकट्याच्या छातीवर येऊन बसली. धक्का समोर दिसत होता. धक्क्यावरची माणसं दिसत होती. तेवढं पोचू दे, तेवढंच, असं तो कानिफनाथाला विनवत राहिला. तुझ्या मढीला पायी येईन, अनवाणी येईन, काय म्हणशील ते करीन.

रंग जळाल्याचा वास आला. आधी त्याला, मग पुढच्यांनाही आला असावा, कारण एकीने नाकाला पदर लावला. इंजनाचा आवाज घोगरा झाला. आतून ठक ठक असं काहीतरी वाजायला लागलं आणि होडीचा वेग उतरला. तो आवाज गोरक्षनाथच्या ओळखीचा होता. असं वाजता वाजता जे इंजन स्वतःहून मरतं ते पुन्हा उठत नाही. मिरजगावला अशी दोन त्याने भंगारात घातली होती.

त्याने मान वर केली. होडीतली सगळी माणसं धक्क्याकडे बघत होती. कलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याने इंजन बंद केलं.

आणि मग सांडवा ऐकू आला. इतका वेळ इंजनाच्या आवाजाखाली दबलेली ती गडगड एकदम होडीत येऊन बसल्यासारखी वाटली. कुणीच ओरडलं नाही. ओरडायलाही धीर लागतो.

"छगन, वल्ही घे!" गोरक्षनाथचा आवाज चिरकला. "दोघं वल्ही मारा, धक्क्याकडं! बाकीचे खाली बसा. जो उठंल त्यो सगळ्यांना मारंल!"

त्याने इंजन वर उचललं. दांडा पाण्यातून निथळत बाहेर आला. पिवळ्या लगद्याने जाळी बुजली होती आणि नायलॉनचा दोरा पात्याला गच्च आवळला होता. हात पोचायला होडीच्या मागे कमरेपर्यंत ओणवं व्हावं लागणार होतं. खाली तेच काळं पाणी, सरकणारं. गोरक्षनाथने होडीची कड घट्ट धरून ठेवली. तेवढ्यात कलाबाई माणसांच्या मधून रांगत आली, तिने दोन्ही हातांनी त्याचा कमरेचा पट्टा धरला आणि म्हणाली, "वाका. मी धरलंय."

तो वाकला. बनुबाईचा विळा कुणीतरी त्याच्या हातात दिला. डोळे मिटून, मग उघडून, त्याने दोरा कापला, नखांनी लगदा ओरबाडला. तुटलेला हार पाण्यात पडला आणि होडीपासून लांब निघाला. त्याला कुणी वल्हवत नव्हतं तरी तो त्यांच्यापेक्षा भराभर चालला होता, सांडव्याकडे. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. एका जागी पाणी काचेसारखं गुळगुळीत होऊन वाकलं होतं. तिथे तो क्षणभर पिवळा दिसला, मग दिसला नाही.

गोरक्षनाथने इंजन पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली. दोरी हललीच नाही. भिंतीत ठोकलेल्या खुंटीला हिसका द्यावा तसा त्याचा खांदा दुखावला. आत पिस्टन तापून फुगला होता, अडकून बसला होता.

"वढ की रं!" छगन वल्हं मारता मारता ओरडला.

"पानी वता त्येच्यावर!" दुसऱ्याने तांब्या भरलाच.

"न्हाई!" गोरक्षनाथने तांब्या हिसकावून घेतला. "तापल्या लोखंडावर गार पानी पडलं तर चिरा जात्याल. मग संपलंच. निवू द्या त्येला."

"किती येळ?"

किती वेळ? हे त्यालाही कळत नव्हतं. लवकर ओढावं तर आतलं काहीतरी मोडणार. उशीर करावा तर समोर तो काचेसारखा वाक. कधी, हे जगात एकालाच ठाऊक होतं, आणि त्याचं तोंड त्याने स्वतःच बांधून ठेवलं होतं. गोरक्षनाथने झाकण काढून टाकलं, लोंबणारी तार शोधली आणि जागेवर अडकवली.

भोंगा पुन्हा किंचाळायला लागला. बंद इंजनाच्या उरावर, मोकळ्या पाण्यात.

"अरं, बंद कर त्येला!" एक बाई रडत म्हणाली.

"वाजू द्या," गोरक्षनाथ म्हणाला. "आत ताप हाय म्हनून वाजतंय. गप बसंल तवाच इंजन फिरंल. तवर मी दोरीला हात लावनार न्हाई."

मग जे झालं ते जवळून बघायला बाहेरचं कुणी नव्हतं हे बरं. बनुबाईने पाटीतली भाजी ओतून टाकली आणि ती रिकाम्या पाटीने इंजनाला वारा घालायला लागली, तापल्या पोराला घालतात तसा. बाकीचेही टोप्यांनी, पदरांनी वारा घालायला लागले. दोघं वल्ही मारून घामाघूम झाले होते. होडी धक्क्याकडे तोंड करून मागे मागे सरकत होती. वल्ह्यांनी तिचं सरकणं कमी होत होतं, थांबत नव्हतं. धक्क्यावर माणसं धावत होती, हात करत होती, त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. गोरक्षनाथ दोरीची मूठ धरून उभा होता. आयुष्यात त्याला इतकी भीती कधी वाटली नव्हती आणि ती लपवायला आता त्याच्याकडे काही उरलंही नव्हतं. त्याचे दात वाजत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. भोंग्याने गप व्हावं असं वाटत होतं, आणि तो फार लवकर गप झाला तर त्याच्यावर विश्वास बसणार नाही असंही वाटत होतं.

भोंगा अडखळला. पुन्हा वाजला. मग थांबला.

कुणी हललं नाही. सांडव्याची गडगड आता पायाखालच्या फळ्यांत जाणवत होती.

गोरक्षनाथने दोरी ओढली. ती फिरली, जड, पण फिरली. पुन्हा ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजन खोकलं, धुराचा लोट निघाला आणि फटफट सुरू झाली. मागच्या भोकातून आधी पिवळट पाणी थुंकल्यासारखं आलं आणि मग धार लागली, चांगली करंगळीएवढी. बनुबाई मोठ्याने रडायला लागली. होडी क्षणभर जागच्या जागी थरथरली, पुढे जाईना की मागे जाईना, आणि मग इंचाइंचाने धक्क्याकडे सरकायला लागली.

धक्क्याला लागल्यावर एकच गलका झाला. छगनने गोरक्षनाथला मिठी मारली. "ड्रायव्हर न्हाई, देव हाय देव! त्यो भोंगा मधीच बिघडला नसता तर ही येळच आली नसती." बाया त्याच्या पाया पडल्या. कुणी सोनं म्हणून आपट्याची पानं त्याच्या हातात कोंबली. माणसं पायऱ्या चढायला लागली. कलाबाई होडीतच बसून होती.

"उतर की," गोरक्षनाथ म्हणाला.

"भोंगा बिघडला नव्हता," ती हळूच म्हणाली. "तुमी वायर काढली. मी बघत हुते."

तो इंजनाचं झाकण उचलून जागेवर बसवायला लागला.

"भोंगा वाजला तवा मी भ्याले. पर तुमी वायर काढून हसला न्हवं, तवा जीव गेला माझा. सांडव्याचं एवढं भ्या न्हाई वाटलं. सकाळी 'मी हाय न्हवं' म्हनाला तवाबी तुमी असंच हसला हुता." तिने पदराने तोंड पुसलं. "ही मान्सं सांजच्याला परत बसनार हायेत तुमच्या होडीत. हसून बसवनार हाय का त्येंना?"

गोरक्षनाथ पायऱ्यांवर गेला आणि सगळ्यांना थांबवून त्याने सांगून टाकलं. हार कुठे बांधला ते, तार कुणी काढली ते, आणि पोहता येत नाही तेही. बोलताना त्याची मान खाली होती.

छगनचा हात वर झाला होता, पण त्याने मारलं नाही. तो थुंकला. "चला रं," तो म्हणाला, "परत जाताना आपन काठाकाठानं चालत जाऊ. रात झाली तर हुईल. ह्याच्या होडीत पाय ठेवायचा न्हाई." लेकुरवाळ्या बायाही त्याच्यामागे निघाल्या. कुणी वळून बघितलं नाही. गोरक्षनाथला वाटलं, चला, सुटलो. आता कुणी बसणार नाही. आता कुणाचा जीव आपल्या हातात नाही.

बनुबाई पायरीवरच बसून राहिली होती, गुडघे चोळत.

"आजी, तुमी न्हाई गेला?"

"कशी जाऊ?" म्हातारी म्हणाली. "पलीकडं नातवंडं हायेत घरात, सांजच्याला जायालाच पायजे. ह्या गुडघ्यांनी डोंगर चढवतोय का मला? त्येंना पाय हायेत, त्ये जात्याल चालत. मला तुझ्याच होडीत बसावं लागंल रं बाबा." तिने त्याच्याकडे वर बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. "आता लेकीकडं जाऊन येते. थांबशील न्हवं?"

"थांबतो," गोरक्षनाथ म्हणाला, आणि त्याला सांडव्याच्या तोंडाशी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.